त्सुमागोला मुक्कामी

टोकियो ते क्योतो हा प्रवास बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांत उरकतो. बहुतेक प्रवासी तो तसाच उरकतात आणि मधला डोंगराळ जपान बघायचा राहून जातो. या दोन शहरांच्या मधे एक रात्र काढता येत असेल, तर ती किसोच्या खोऱ्यात काढावी, असं मी जपानला निघालेल्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते. दुपारी मागोमे नावाच्या गावी उतरायचं, जुन्या डोंगरवाटेने आठ किलोमीटर चालत त्सुमागोला जायचं, तिथे एखाद्या घरगुती ठिकाणी रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धरायची. कार्यक्रम एवढाच. पण त्यातला मुक्काम गाळला तर फारसं काही हाती लागत नाही. दिवसा येऊन जाणाऱ्याला दिसतात ती दुकानं. पाचच्या सुमाराला ती मिटतात, आलेली माणसं बसने परत जातात आणि गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. ते बघायचं तर तिथे असावं लागतं.

मात्र हा मुक्काम आपल्या मर्जीने चालत नाही. जेवणाची वेळ, अंघोळीची पाळी, बसची वेळ, सगळं आधीच ठरलेलं असतं. ते माहीत नसलं तर नवखा माणूस रात्रभर संकोचून बसतो. माहीत असलं तर त्याच गोष्टींमुळे तो निर्धास्त होतो. म्हणून ही व्यवस्था कशी चालते आणि तशी का चालते, ते सविस्तर सांगते.

ज्या वाटेने चालायचं ती नाकासेंदो. एदो म्हणजे आजचं टोकियो. तोकुगावा शोगुनांच्या काळात एदोहून क्योतोला जायचे दोन मोठे रस्ते होते. एक किनाऱ्याने जाणारा तोकाइदो आणि दुसरा डोंगरातून जाणारा हा नाकासेंदो. लांबी सुमारे ५३० किलोमीटर, त्यावर मुक्कामाची ६९ गावं. किनाऱ्याचा रस्ता जवळचा आणि सपाट होता, तरी डोंगरातल्या रस्त्यावरची वर्दळ कधी थांबली नाही. कारण किनाऱ्याकडे मोठ्या नद्या होत्या, आणि त्यांतल्या काहींवर शोगुनांनी मुद्दामच पूल होऊ दिले नव्हते. पावसाने नदी चढली की प्रवासी दिवसेंदिवस काठावर बसून राहत. डोंगराची वाट दमवायची, पण अशी अडकवून ठेवायची नाही. १८६१ साली सम्राटाची बहीण काझुनोमिया शोगुनाशी लग्न करायला क्योतोहून एदोला गेली, तीही हजारोंचा लवाजमा घेऊन याच वाटेने.

१६३५ पासून सरदारांना आलटूनपालटून एदोत येऊन राहणं सक्तीचं झालं. त्यामुळे रस्त्यांवरून सतत कुणा ना कुणा सरदाराचा तांडा जात असे, आणि मुक्कामाची गावं त्या हिशेबाने बांधलेली होती. प्रत्येक गावात सरदाराला उतरण्यासाठी एक मुख्य घर, त्याला होन्जिन म्हणत. ते भरलेलं असलं तर शेजारी दुय्यम घर, वाकी-होन्जिन. सामान्य वाटसरूंना उतरायला साध्या सराया. शिवाय घोडे आणि हमाल कायम तयार ठेवायची जबाबदारी गावावर. एका गावचा हमाल ओझं पुढच्या गावापर्यंत नेई, तिथे ते दुसऱ्याच्या खांद्यावर जाई आणि हा मागे फिरे. एदोहून मोजत आलं तर त्सुमागो ४२ वं गाव आणि मागोमे ४३ वं.

ओझ्याचा विषय निघालाच आहे, तर तो आधी संपवू. मोठी बॅग घेऊन ही वाट चालायचा विचारसुद्धा करू नये. दगडी फरसबंदी, मुळांनी उंचसखल झालेली पायवाट आणि चढ, यांत चाकांचा काहीच उपयोग नाही. यासाठी जपानमध्ये घरपोच सामान पोचवणारी फार चांगली सेवा आहे. यामातो या कंपनीने १९७६ साली ती सुरू केली. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे ११ पार्सलं आली होती. आज देशात असं गाव शोधूनही सापडणार नाही जिथे ती पोचत नाहीत. टोकियोच्या हॉटेलात सकाळी काउंटरवर बॅग द्यायची, क्योतोच्या हॉटेलचा पत्ता आणि तिथे उतरायची तारीख लिहायची. साधारणपणे दुसऱ्या दिवशी ती पोचते. म्हणजे आपण किसोत रात्र काढतो तेवढ्यात बॅग आपल्याआधी क्योतोला जाऊन थांबलेली असते. पाठीवर उरते एक पिशवी: एक जोड कपडे, औषधं, टॉर्च, पाण्याची बाटली. याचा आणखी एक फायदा आहे. टोकियो-नागोया-क्योतो मार्गाच्या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेसाठी खास जागा राखून ठेवावी लागते. बॅग पुढे पाठवली की तीही कटकट मिटते.

एवढं करूनही पिशवी जड वाटली, तर मागोमे आणि त्सुमागो या दोन गावांच्या माहिती केंद्रांमध्ये मोसमात सामान पोचवायची सोय असते. सकाळच्या ठरलेल्या वेळेत एका केंद्रावर जमा करायचं आणि दुपारनंतर दुसऱ्या केंद्रावर घ्यायचं. ती सकाळचीच असल्यामुळे दुपारी मागोमेला पोचणाऱ्याला तिचा उपयोग नाही. हिवाळ्यात ती बंद असते हेही लक्षात ठेवावं.

टोकियोहून नागोयापर्यंत नोझोमी या बुलेट ट्रेनने सुमारे एक तास चाळीस मिनिटं. नागोयाला चुओ मार्गाची गाडी घ्यायची. शिनानो नावाची जलद गाडी नाकात्सुगावाला पन्नासेक मिनिटांत नेते. साध्या वेगाची गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते आणि तिला जादा पैसे पडत नाहीत. नाकात्सुगावा हे चेस्टनटच्या मिठाईसाठी नावाजलेलं गाव आहे. सप्टेंबरपासून थंडीपर्यंत तिथे कुरीकिंतोन मिळतं. उकडलेल्या चेस्टनटचा गर साखरेबरोबर आटवायचा आणि कापडात पिळून चेस्टनटचाच आकार द्यायचा, बस्स. स्टेशनजवळच दुकानं आहेत आणि शाकाहारी माणसाला हे डोळे मिटून खाता येतं.

स्टेशनाबाहेरून मागोमेची बस साधारण पंचवीस मिनिटं घेते. गावाकडच्या जपानी बसमध्ये चढताना पैसे द्यायचे नसतात. चढल्याबरोबर दाराशी एक लहान यंत्र आकडा छापलेली चिठ्ठी देतं, ती घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक असतो, त्यावर प्रत्येक आकड्याखाली भाडं दिसतं आणि जसजसे थांबे जातात तसतसं ते वाढत जातं. आपला थांबा जवळ आला की बटण दाबायचं. उतरताना फलकावर आपल्या आकड्याखाली दिसतील तेवढे पैसे चिठ्ठीसकट ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे. ही पेटी मोड परत देईलच असं नाही, म्हणून त्याच यंत्रात हजार येनांची नोट किंवा मोठं नाणं घालून आधी सुटे करून घ्यावेत, आणि तेही बस थांबलेली असताना. दहा हजारांची नोट काढून दाखवणं म्हणजे ड्रायव्हरला आणि मागच्या रांगेला अडचणीत टाकणं. या खोऱ्यात रोख पैसे लागतातच, तेव्हा नागोयालाच पुरेसे काढून ठेवावेत.

मागोमे उतारावर वसलेलं आहे. एकच दगडी रस्ता वर चढत जातो, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, कडेने खळाळत जाणारं पाणी आणि वळणावर एक पाणचक्की. इथली घरं जुन्या वळणाची असली तरी फार जुनी नाहीत. १८९५ आणि १९१५ च्या आगींत गाव जळालं आणि पुन्हा उभं राहिलं. कादंबरीकार शिमाझाकी तोसोन यांचा जन्म १८७२ साली इथल्या होन्जिनमध्ये झाला; त्या जागेवर आता त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. 'योआके माए' या त्यांच्या मोठ्या कादंबरीत होन्जिन चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर शोगुनांची राजवट कोसळते आणि त्याबरोबर रस्त्याचं महत्त्वही जातं. नायक त्यांच्या वडिलांवर बेतलेला आहे. ज्याला इतिहासात रस आहे त्याने संग्रहालयाला एक तास द्यावा. नाहीतर गोहेइमोची खावी आणि चालू लागावं. भात कुटून काठीवर थापतात, त्याला अक्रोड आणि तिळाचा गोडसर लेप लावतात आणि निखाऱ्यावर भाजतात. लेप जिथे करपतो तिथली चव सगळ्यांत चांगली.

मागोमेहून त्सुमागोकडे चालावं, उलट दिशेने नाही. मागोमे सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, खिंड आठशेच्या आसपास आणि त्सुमागो चारशेवीसच्या जवळपास. म्हणजे या बाजूने दोनशे मीटरच चढावं लागतं आणि उरलेली वाट उताराची असते. रेंगाळत चाललं तरी तीन तास पुरतात. गावाबाहेर पडल्यावर काही ठिकाणी वाट डांबरी रस्ता ओलांडते, काही ठिकाणी त्याच्या कडेने जाते, पण प्रत्येक फाट्यावर पाटी आहे आणि चुकायची भीती नाही.

वाटेत ठिकठिकाणी खांबाला पितळी घंटा टांगलेल्या दिसतील. त्या अस्वलांसाठी आहेत. या डोंगरांत काळी अस्वलं आहेत आणि माणूस अचानक समोर आला तर ती बिथरतात. लांबून चाहूल लागली तर स्वतःहून बाजूला होतात. म्हणून प्रत्येक घंटा जोरात वाजवावी, आपल्यापुढे कुणी वाजवून गेलं असलं तरीही. एकट्याने चालणाऱ्याने बोलत किंवा गुणगुणत चालायला हरकत नाही.

खिंड उतरल्यावर एका मोकळवनात जुनं चहाघर लागतं. कौलाखाली काळवंडलेली तुळई, मधोमध जमिनीत केलेली चूल, तिच्यावर आढ्यातून आकड्याला टांगलेली किटली. गावकरी मंडळी येणाऱ्याला चहा देतात आणि त्याचे पैसे मागत नाहीत. शेजारी पेटी असते, तीत आपण आपल्या इच्छेने टाकायचे. या जागेजवळ पूर्वी पहारा होता आणि तो चोरट्या लाकडावर होता. किसोचं जंगल नागोयाच्या तोकुगावा घराण्याच्या ताब्यात होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ले आणि शहरं बांधण्यासाठी ते इतकं तोडलं गेलं की डोंगर उघडे पडले. तेव्हा राजवटीने कडक बंदी घातली. हिनोकी, सावारा, असुनारो, कोयामाकी आणि नेझुको ही पाच झाडं सामान्य माणसाने तोडायची नाहीत, स्वतःच्या घरासाठीसुद्धा नाही. एका झाडाला एक डोकं, असं लोक म्हणत. शिक्षा क्रूर होती यात शंका नाही, पण आज दोन्ही बाजूंना जे सरळसोट, तांबूस खोडांचं रान दिसतं त्याची मुळं त्या बंदीत आहेत. इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. त्याला किसोचं हिनोकी लागतं. मागचं बांधकाम २०१३ साली पुरं झालं, पुढचं २०३३ साली होईल, आणि त्यासाठीची पहिली झाडं २०२५ च्या जूनमध्ये याच खोऱ्यातल्या आगेमात्सुच्या जंगलात विधिपूर्वक तोडली गेली. झाडाच्या बुंध्याला तीन बाजूंनी कुऱ्हाडीने कोरत नेतात, शेवटी तीन पायांवर झाड उभं राहतं आणि त्यातला एक पाय तोडला की हवं त्याच दिशेला पडतं. लाकूड तडकत नाही आणि खालचा माणूस वाचतो.

चारच्या सुमाराला त्सुमागोत पोचेल असा हिशेब ठेवावा. गावाच्या अलीकडे ओत्सुमागो नावाची छोटी वाडी आहे, तिथेही राहायची घरं आहेत. या घरांना मिन्शुकु म्हणतात. चालवणारे त्याच घरात राहतात. चार-सहा खोल्या, एक न्हाणीघर, एक जेवणाची खोली. र्‍योकान ही जपानी धाटणीची सराई त्याहून मोठी आणि महाग. मिन्शुकुत दोन जेवणांसकट माणशी दहा ते पंधरा हजार येनांच्या आसपास धरून चालावं. खोल्या मोजक्या असल्याने शरद ऋतूत, म्हणजे पानं रंगतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, महिनादोन महिने आधी जागा धरावी.

आणि जागा धरताना जेवणाचं बोलून घ्यावं. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथे आहे. जपानी सारांचा, भाज्यांचा, सॉसचा पाया दाशी नावाचं पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाच्या काचऱ्यांपासून करतात. ताटात मासा दिसत नसला तरी तो असतो. नुसतं 'शाकाहारी' म्हटल्याने तिथल्या गृहिणीला नेमका अर्थ पोचत नाही. मांस नको, मासे नकोत, माशाची दाशी नको, समुद्री शेवाळाची म्हणजे कोंबूची चालेल, अंडं चालतं की नाही, असं एकेक लिहून पाठवावं. काही घरं आनंदाने करतात, काही नम्रपणे नाही म्हणतात. नकार आला तर रागावू नये. जमणार नाही ते जमतं म्हणण्यापेक्षा तो बरा. पण पोचल्यावर दारात सांगणं मात्र टाळावं. बाजार जवळ नाही, सामान माणसं मोजून आणलेलं असतं आणि सहा वाजताच्या जेवणाची तयारी दुपारपासून चाललेली असते. रात्री बाहेर कुठे जेवू, असाही पर्याय नाही, कारण त्सुमागोत संध्याकाळी उघडं हॉटेल मिळत नाही. याच कारणाने उशीर होणार असेल तर फोन करावा. आपण न येण्याने नुसती खोली रिकामी राहत नाही, केलेलं जेवण वाया जातं.

दारातून आत गेल्यावर खालच्या पातळीवर बूट काढायचे आणि वर पाय टाकायचा. बोळात घालायला सपाता ठेवलेल्या असतात. खोलीच्या उंबऱ्याशी त्याही काढायच्या, कारण आत तातामीची चटई असते. ती लव्हाळ्याच्या गवताने विणलेली असते आणि कशानेही घासली तर उसवते, म्हणून बॅगेची चाकंही तिच्यावर फिरवायची नाहीत. शौचालयाच्या आत वेगळ्या सपाता असतात आणि त्या तिथेच सोडून यायचं. खोलीच्या एका भिंतीत फूल किंवा चित्र ठेवलेला कोनाडा दिसला तर तो घरातल्या मानाची जागा आहे, तिथे पिशवी ठेवू नये.

मग अंघोळ. घरात एकच टब असला तर घरधनीण पाळी लावून देते. पाहुणे जेवणाआधी किंवा नंतर एकेक करून जातात आणि सगळे त्याच पाण्यात बसतात. पुढचं सगळं यावरून ठरतं. टबाबाहेर लहान स्टूल असतं, बादली आणि फवारा असतो. तिथे बसून साबणाने अंग पुरतं चोळून धुवायचं, फेसाचा थेंबही राहू द्यायचा नाही, आणि मग स्वच्छ अंगाने टबात उतरायचं. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं असतं. पाय टाकताच चटका बसतो, पण हळूहळू सोसवतं, आणि आठ किलोमीटर चाललेल्या पायांना ते काय करतं हे चालून आल्याशिवाय कळायचं नाही. किसोतले काही टब हिनोकीचे असतात. गरम पाण्याने त्या लाकडाचा लिंबासारखा वास सुटतो. केस वर बांधावेत, टॉवेल पाण्यात बुडवू नये, निघताना बूच काढू नये आणि टबावरचं झाकण पुन्हा नीट लावावं. तसं केलं नाही तर शेवटच्या पाहुण्याला कोमट पाणी मिळतं. खोलीत ठेवलेला युकाता, म्हणजे सुती झगा, घालताना उजवी बाजू आत आणि डावी तिच्यावर घ्यायची. उलटं नेसवतात ते मृताला.

जेवण सहा किंवा साडेसहाला. सगळ्या पाहुण्यांना एकाच वेळी वाढतात. नदीतला मासा मिठाने माखून अख्खा भाजलेला, रानभाज्या, सोबा, लोणची, भात, मिसोचं सार. लोणच्यांत सुंकी असली तर जरूर चाखावी. ही किसोची खासियत आहे: लाल सलगमचा पाला मिठाशिवाय आंबवतात. समुद्र लांब, मीठ महाग, म्हणून डोंगरातल्या बायकांनी मिठावाचून टिकवायची ही युक्ती काढली. चव आंबट, स्वच्छ आणि ओळखीची वाटणारी. मला या साऱ्या जेवणात तीच सर्वांत आवडते. कधी कधी टोळ किंवा गांधीलमाशीच्या अळ्या साखर-सोयामध्ये शिजवून पुढे येतात. इथल्या डोंगरात प्रथिनांची वानवा होती तेव्हापासून हे खाणं चालत आलं आहे. नको असेल तर बाजूला ठेवावं, तोंड वाकडं करू नये.

जेवून परत येईपर्यंत बऱ्याच घरांत बिछाने घातलेले असतात. काही ठिकाणी आपले आपण घालायचे. भिंतीतल्या कपाटात गाद्या असतात. खाली जाड गादी, तिच्यावर चादर, वर रजई. उशीत बकव्हीटची टरफलं भरलेली असतात आणि कूस बदलली की ती खसखसतात. खोल्यांच्या मधे कागदी-लाकडी सरकती दारं असल्यामुळे शेजारचं कुजबुजणंही ऐकू येतं, तेव्हा नऊनंतर आवाज उतरवावा.

पण झोपण्याआधी टॉर्च घेऊन गावातून एक फेरी मारावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुमजली लाकडी घरं, वरचा मजला पुढे आलेला, जाळीच्या खिडक्यांमागे कागदी दिव्यांचा उजेड. विजेचा खांब नाही, तार नाही, जाहिरातीचा फलक नाही. हे आपोआप टिकलेलं नाही. १९११ साली चुओ रेल्वे पूर्ण झाली ती नदीच्या काठाने. त्सुमागो बाजूला पडलं, धंदा गेला, तरुण माणसं गेली, घरं खचत चालली. १९६८ साली मात्र गावकऱ्यांनी प्रांताच्या मदतीने घरं दुरुस्त करायला घेतली. जपानमध्ये गावच्या गाव जतन करायचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. १९७१ साली त्यांनी एकमेकांत ठराव केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, मोडायचं नाही. तारा घरांच्या मागून नेल्या, दिवसाच्या ठरावीक वेळात रस्त्यावर मोटारींना बंदी घातली. १९७६ साली सरकारने पारंपरिक वस्त्यांच्या जतनासाठी देशातली पहिली सात ठिकाणं निवडली, त्यांत त्सुमागो होतं. तेव्हा जिथे पैसा येतो तिथे घर भाड्याने देणं सोपं होतं. या लोकांनी ते नाकारलं आणि स्वतः राहून दाखवलं. दिव्यामागे हलणाऱ्या सावल्या राहत्या माणसांच्या आहेत. म्हणूनच खिडक्यांत डोकावून फोटो काढू नयेत.

सकाळी साडेसात-आठला नाश्ता: भात, सार, अंडं, मासा, सुकं शेवाळ. दहापर्यंत खोली सोडायची. निघण्याआधी वाकी-होन्जिन ओकुया उघडलं असेल तर जरूर बघावं. शोगुन जाऊन मेइजी राजवट आल्यावर हिनोकी तोडायची बंदी उठली आणि १८७७ साली हे घर अख्खं हिनोकीने बांधलं. इतक्या पिढ्या ज्या लाकडाला हात लावायची बंदी होती, त्याचेच खांब आणि तुळया. आत चूल सतत पेटती ठेवतात, धुराने तुळयांवर काळी लकाकी चढली आहे आणि त्या धुरामुळे किडा लागत नाही. थंडीच्या दिवसांत ऊन तिरपं असतं तेव्हा जाळीतून आलेल्या किरणांचे पट्टे धुरात उभे दिसतात. १८८० साली सम्राट मेइजी इथे विश्रांतीला थांबले होते.

त्सुमागोहून नागिसो स्टेशनला बस दहा मिनिटांत जाते. चालत साडेतीन किलोमीटर, तासाभराचं अंतर, आणि ती वाटही नाकासेंदोचीच, शेतांच्या कडेने जाणारी. पाय दुखत नसतील तर चालावं. नागिसोला गाड्या कमी आहेत. जलद शिनानोंपैकी फार थोड्या तिथे थांबतात आणि साध्या गाड्यांच्या मधे कधी दीड-दोन तास जातात, तेव्हा गाडीची वेळ आदल्या रात्रीच बघून त्याप्रमाणे घर सोडावं. नाकात्सुगावाला बदलून नागोया आणि तिथून क्योतो. हातात वेळ राहिला तर स्टेशनजवळ नदीवर मोमोसुके पूल आहे. लाकडी झुलता पूल, २४७ मीटर लांब. फुकुझावा मोमोसुके या वीज-उद्योजकाने किसो नदीवर वीजघर बांधताना सामान नेण्यासाठी तो १९२२ साली उभा केला. पलीकडे जाऊन यायला पंधरा मिनिटं पुरतात. तिकीट आधी काढून ठेवावं आणि गाडीच्या दहा मिनिटं आधी फलाटावर असावं. गाडी घड्याळाच्या काट्यावर सुटते आणि पुढची जेवणाच्या वेळेआधी येईलच असं नाही.